कौसाकाकूला कुठं जाळायचं?

कौसाकाकू आज सकाळी गेली, आणि घरात रडायचं सोडून सगळे एकमेकांची नजर चुकवत होते.

प्रश्न एकच. जाळायचं कुठं?

काकू म्हणजे माझी थोरली चुलती. रेणापूर तालुक्यातलं आमचं गाव. काकांच्या माघारी ओढ्याकाठची जमीन बालाजीदादाच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या नावावर आली. दादानं तिथं नवी वसाहत आखली. गावठाणात जागाच उरली नाही, लोकांना घरं पाहिजेत. त्यात चूक काही नाही.

पण लेआउटमध्ये ओढा गायब होता.

पाइप टाकायचा, वर मुरूम भरायचा, आणि त्यावर प्लॉटची शेवटची रांग. त्या रांगेत एक प्लॉट माझाही.

काकू हटून बसली.

"घरं बांध की. वर सरकून बांध. पावसाळ्याचं पानी काय तुज्या पाइपातून लायनीनं जानार हाय व्हय? लोकायच्या चुलीत शिरंल."

"एक रांग कमी केली तर परवडत न्हाई, आई."

तेव्हापासून मायलेक एका घरात राहून बोलत नव्हते.

मग येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. सगळा गोतावळा शेतात जेवायला. अंबिल वाढता वाढता काकू शांतपणे म्हणाली,

"मला हिरीपाशी नेऊ नका. हितं ओढ्याच्या कडंला जाळा. मग बगू कोन घर बांधतंय."



आमच्याकडे शेतातच अग्नी देतात. घरातल्या सगळ्यांना विहिरीपाशी दिलाय. आणि जिथं चिता पेटली, तिथं कोणी घराचा पाया काढत नाही.

"सणाचं अभद्र बोलू नको," एवढंच दादा म्हणाला.

आज लाकडांचा ट्रॅक्टर तोच चालवत होता. मी शेजारी मडगार्डवर.

वाट फुटते तिथं उजवीकडे विहीर, डावीकडे ओढा. दादानं ट्रॅक्टर थांबवला. मागून तिरडी येत होती. मला रागच आला, दादाचा आणि काकूचाही. मेल्यावरही पोराला असं कोंडीत धरतात का?

"तुजा प्लॉट जाईल बग," दादा म्हणाला.

"जाऊ दे, दादा."

त्यानं स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

शेवटच्या रांगेच्या आखणीचा चुना अजून पांढरा होता. लाकडं आम्ही त्यावरच रचली.

अग्नी देताना दादा पुटपुटला, "झालं का मनासारखं, आई?" आणि मग त्याला सावरता सावरेना.

काकू, ओढा जागेवर आहे.

तुला शेवटचा नमस्कार.