मुहूर्तावरच्या सह्या

सुनीती गप्प असली की मला भीती वाटते. तीन दिवस ती जेवते, ताट उचलते आणि खिडकीशी जाऊन बसते. आज, रविवारी संध्याकाळी, तिने कारण सांगितलं. आता ती झोपली आहे आणि माझा डोळा लागत नाही.

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. वकिलीची परीक्षा दिली, पण कोर्टात उभं राहणं तिला रुचलं नाही. दीड वर्षापूर्वी ती जवळच्या नागापूर गावी पंपांच्या एका कारखान्यात करारनामे लिहायला लागली. मालक श्रीमंतराव म्हणाले होते, "बाई, तुमचं अक्षर छान आहे. तेवढं पुरे." तिला ते पुरेना. जुने करार घरी आणून ती मला मोठ्याने वाचून दाखवी आणि कलमाकलमाला थांबून विचारी, "आई, आणि हे घडलंच नाही तर?" मी बी.ए. झालेली, पण असं कधी वाचलं नव्हतं. पुढे ती बोलणी करायलाही शिकली. समोरच्याला आधी बोलू द्यायचं, आणि एक मागितलं तर एक द्यायचं.

पुंजारामशी तिने अशीच तीन आठवडे बोलणी केली. हा पंपाचे बिडाचे भाग ओततो, स्वतःची लहानशी भट्टी आहे. दोन महिने माल उशिरा आला तर भट्टी कारखान्याच्या ताब्यात, ही मालकाची अट होती. यंदा पाऊस नाही. साच्याच्या वाळूला पाणी लागतं आणि टँकर दिवसाआड येतो. म्हणून सुनीतीने नववं कलम घातलं: पाण्याअभावी झालेला उशीर धरायचा नाही. त्याच्या बदल्यात पुंजारामने भाव उतरवला.

गेल्या गुरुवारी गुरुपुष्य होता. नेमका टायपिस्ट रजेवर. श्रीमंतराव म्हणाले, "टायपिंग होईल सोमवारी. साडेअकराचा मुहूर्त आहे, कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या उरकून घेऊ."

सुनीती घुटमळली. पुंजारामच हसला, "ताई, मसुदा तुमीच लिवला न्हवं? मग कोरा काय अन् भरलेला काय! उरका, पेढं वाळाया लागलं."

त्याने सही केली. साक्षीदार म्हणून खाली सुनीतीने केली. मुहूर्त चुकवू नकोस, असं त्या सकाळी मीच तिला बजावलं होतं.

शुक्रवारी टायपिस्टच्या टेबलावर तिला तिचा मसुदा दिसला. नववं कलम लाल शाईने खोडलेलं. ती मालकाच्या खोलीत गेली.

"साहेब, हे कलम देऊन आपण भाव कमी करून घेतलाय."

"भाव राहू द्या की. चांगलाय."

"मग पुंजारामना सांगायला हवं."

"साक्षीदारानं सही करायची असते बाई, कलमं मोजायची नसतात." मग म्हणे आवाज अगदी मऊ झाला. "अजून तुमचं लग्न व्हायचंय. कोऱ्या कागदावर सही केलीत, हे वकीलबाईंनी गावभर सांगू नये."

हे ऐकून मी म्हटलं, "उद्याच राजीनामा दे."

"त्यानं कागद भरायचा थांबेल? खाली सही माझीच राहील, आई."

"मग पुंजारामला सांग."

"मालकाचं आतलं बाहेर सांगितलं म्हणतील. पुन्हा मला कोण काम देईल?"

ती दिवा मालवून पडली.

उद्या दहाला टायपिस्ट येईल. तासाभरात कागद भरेल. टँकरचं हे असंच राहिलं तर दिवाळीपर्यंत भट्टी जाईल, आणि कोर्टात सुनीतीची सही पुंजारामविरुद्ध उभी राहील. त्यानेच तिच्यावर भरवसा ठेवला होता. दहाच्या आत तो कारखान्यात गेला आणि मसुदा वाचून दाखवा नाहीतर माझा कागद परत द्या म्हणाला, तर काही तरी वाचेल.

हे कळल्यावर श्रीमंतराव तिला ठेवणार नाहीत. तिच्या लग्नाच्या बाबतीत काय पसरवतील, तेही मला दिसतंय.

पण मी त्या कारखान्यात नोकरीला नाही. पुंजारामच्या भट्टीशेजारच्या किराणा दुकानात फोन आहे, दुकान सहाला उघडतं. खालच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांच्याकडून मी फोन लावणार आहे. सुनीती उठायच्या आत.