साडूंच्या पंगतीतला ट्राउट

माझ्या साडूंइतका निरुपयोगी मासेमार अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. मुळात माणूस कट्टर शाकाहारी. वाढदिवसाचा केकसुद्धा अंडं नाही ना, हे विचारून खाणार. आणि छंद कसला, तर ट्राउट पकडण्याचा! तोही हौशी लोकांसाठी ट्रकने आणून तळ्यात सोडलेला नाही, तर डोंगरातल्या नैसर्गिक तळ्यात जन्मलेला, रानटी. बेत असा, की पकडायचा, हातात धरून फोटो काढायचा आणि परत सोडायचा. आम्ही मासे खाणारी माणसं; हे ऐकून माझं तर डोकंच फिरायचं.

त्या ऐंशीच्या दशकात दर उन्हाळ्यात आम्ही राहायचो त्या एडिसनहून सहा तास ड्राइव्ह करून ते मला तिथे ओढून न्यायचे, कारण फोटो काढायला कुणीतरी हवं. कमरेपर्यंतचे गमबूट काय, टोपी काय! गळाला लावायच्या खोट्या माश्या घरीच बांधायचे, त्याही मेव्हणीच्या जुन्या पैठणीची जर उसवून. पण खरा शहाणपणा पुढेच. जेवायला बसलं की आईच्या शिकवणीप्रमाणे पहिला घास काढायचा, म्हणून मूठभर दहीभात पाण्यात टाकायचे आणि हात धुऊन तिथेच गळ टाकायचे. मी म्हणायचो, अहो, पोटभर जेवलेला मासा तुमची जर कशाला खाईल? ते ऐकतील तर शपथ. सहा उन्हाळ्यांत एकही मासा लागला नाही, आणि ऑफिसात यांची यथेच्छ टिंगल व्हायची.

मग त्यांची बदली झाली चँडलरला, वाळवंटात. निघायच्या आधीच्या रविवारी शेवटचे गेलो, आणि दुपारी काठी वाकली. वीतभर ट्राउट, पोट केशरी. साडूंचे हात थरथरत होते. मी लेन्स फिरवतोय तोवर माशाने तोंड उघडलं आणि भाताचं एक शीत बाहेर पडलं. साडू बघतच राहिले.

"हा आपल्या पंगतीला जेवलाय हो," म्हणाले, आणि गळ काढून त्याला सोडून दिलं. फोटो राहिला तो राहिलाच. परतताना मी सहा तास त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चँडलरमध्येही त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. परवा फोन आला. घरी मित्र जमले होते, मागे हसणं ऐकू येत होतं. साडू म्हणाले, "यांना जरा सांगा हो. होता ना?"

मला एकदम त्यांचे ते थरथरणारे हात आठवले.

"होता की," मी म्हणालो. "चांगला हातभर होता."