विश्वनाथचं हृदय धडधाकट होतं

येडशीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा विश्वनाथच्या भावाचा, रमेशचा फोन आला. "गुरुजी, दादा गेलं," एवढंच तो बोलला.

विश्वनाथ आणि मी भूमच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढं मास्तर झालो, त्यानं वडिलांची खव्याची भट्टी सांभाळली. सकाळी दूध आलं की दुपार कलेपर्यंत तो कढईपुढं उभा. त्याला आजारी पडलेलं मी कधी पाहिलं नाही. धाकट्या रमेशला त्यानंच हाताशी धरून हे काम शिकवलं होतं. गेल्या दिवाळीनंतर त्याच रमेशनं वेगळी भट्टी घातली, तीही समोरच. भांडण असं झालंच नाही, पण विश्वनाथनं त्याच्याशी बोलणं सोडलं. मी विषय काढला की म्हणायचा, "त्याचं त्यानं बघावं. म्या कशाला आडवा येऊ?"

मग जळण फोडताना लाकडाची ढलपी त्याच्या पायात घुसली. त्यानं हळद दाबली, फडकं बांधलं आणि पुन्हा कढईपुढं उभा राहिला. पाय सुजला, थंडी वाजून ताप भरला, तो बरळायला लागला, तेव्हा वहिनींनी समोर जाऊन रमेशला बोलावलं. त्यानंच गाडी काढून भावाला धाराशिवला दवाखान्यात नेलं, मीही मागोमाग पोचलो. सलाईन लावूनही रक्तदाब वर येईना. जंतू रक्तात पसरलेत, सेप्टिक शॉक आहे, असं कळलं. मग हृदयाची तपासणी झाली, तर तेही नीट पंप करत नव्हतं.

गावात तेवढंच पोचलं. भावानं काळीज तोडलं, म्हणून हार्ट गेलं, असं लोक बोलू लागले. रमेशच्या कानावर ते आलंच. आयसीयूबाहेर त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, हे टेन्शननं झालंय का? खरं सांगा."

त्या त्याच्या शेजारी बाकड्यावर बसल्या. "नाही. जंतूंशी लढताना शरीर रक्तात सायटोकाइन नावाची द्रव्यं सोडतं. बेतानं असली तर ती राखण करतात. पण इथं त्यांना आवर राहिला नाही. त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात, हृदयाच्या स्नायूची ताकदही कमी होते. माणूस यातून वाचला, तर असं हृदय बऱ्याचदा पुन्हा सावरतं."

त्या 'वाचला तर'ला धरून आम्ही बसलो. विश्वनाथच्या किडन्याही थांबल्या. मी कपडे आणायला घरी निघालो आणि वाटेतच तो फोन आला.

तेराव्यानंतर मी भेटेल त्याला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगत फिरलो. लोकांना पटलंही. मला वाटलं, रमेशलाही हलकं वाटेल. पण तो म्हणाला, "ते खरंय गुरुजी. पण एका भट्टीवर असतो, तर दादाचा पाय मला दिसला असता की..."



आता वहिनींच्या सांगण्यावरून रमेशच दोन्ही भट्ट्या बघतो. परवा गेलो, तर तो विश्वनाथच्या कढईपुढं उभा होता. विश्वनाथ डावखुरा. त्याच्या उलथन्याची लाकडी मूठ वर्षानुवर्षांच्या पकडीनं डाव्या हाताजोगी झिजली आहे. रमेशच्या उजव्या हातात ती नीट बसत नाही, तळव्याला फोड आलेत. मी म्हणालो, "मूठ बदलून घे." तो नुसता "व्हय" म्हणाला, आणि तसाच खवा घोटत राहिला.