शेवटची घागर

सरस्वतीपुरममधल्या एका सभागृहात पर्यावरणावरचे माहितीपट दाखवत होते. मला खुर्चीत बूड टेकवत नव्हतं. पडद्यावरची बाई सांगत होती की वाढत्या शहरांनी नव्या बोअर मारण्यापेक्षा जुन्या विहिरी उपसाव्यात, छपरावरचं पाणी त्यांत सोडावं. वापरात राहिली तरच विहीर जगते. लोक टाळ्या वाजवत होते. आणि तिकडे लष्कर मोहल्ल्यात, माझ्या माहेरी, काका दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर बुजवणार होते. भाडेकरूंच्या गाड्यांना जागा हवी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! टाळीला माझा हात उठेना. चहा न घेताच मी निघाले.

मी राहते शहराच्या कडेला, हूटगळ्ळीला. बोअर आटलेली, टँकरची वाट बघत आम्ही बादल्या मांडून बसतो. आणि ज्या विहिरीच्या पाण्यावर आजोबांनी जन्मभर लुगडी रंगवली, ती मातीनं भरायची म्हणे. रंगकाम गेलं, घरात नळ आला, तेव्हापासून तिच्यात कुणी घागर सोडली नव्हती. पाणी हिरवं पडलं होतं.

आमच्या रंगाऱ्यांच्या घरात एक रीत आहे. विहिरीचं पहिलं पाणी लेकीनं काढायचं, आणि विहीर बुजवायची वेळ आली तर शेवटचंही तिनंच. घरात लेक मी एकटी, म्हणून बोलावणं होतं. रात्रभर माझं ठरेना. जावं तर बुजवायला हातभार, न जावं तर काका रीत मोडून मोकळे होणार.

सकाळी गेले तर दारात मातीची गाडी उभी. काकांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, घागरीला दोर बांधला आणि माझ्या हातात दिला.

"एक काढ, साकु. गवंडी थांबलाय."

मी घागर काढली, परसातल्या केळीला ओतली आणि पुन्हा विहिरीत सोडली.

"झालं की गं."

"ही शेवटची कशी? आत अजून पाणी आहे."

"सुम्ने, उगाच हट्ट करू नको," काका त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले.

मला रडूही येत होतं आणि रागही. मी काढतच राहिले. हाताला फोड आले, काकू लिंबाचं सरबत देऊन गेली, गवंडी उद्या येतो म्हणून निघून गेला. दुपारी पाणी निवळलं. काका वाकून बघत राहिले.

"खालची पायरी दिसाय लागली," एवढंच बोलले.

मी दोर सोडवला, पिशवीत कोंबला आणि बस पकडली. पोरकटपणाच तो, दोर कुठल्याही दुकानात मिळतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी घरभर येरझारा घालत होते. शेवटी काकांचा फोन आला. आवाज चिडका होता.

"दोर तू नेलास नव्हे?"

"नेला."

"मत्ते, मग ऐक, गवंड्याला मी माघारी धाडलाय. आता केळीला पाणी कशानं काढू?"