बर्फवाले भावजी आणि उपाशी भोळ्या

आमच्या गल्लीत बर्फ आणायचे ते भावजी आमच्या ह्यांचे मित्र. म्हणून मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वहिनी. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात साखर म्हणून नव्हती. तरुणपणी मुलगी बघायला गेले, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "गार आहे." मुलीची आई हसून म्हणाली, "बर्फाचा धंदा तुमचा, वाटलं गारच चालेल." तर हे म्हणतात, "धंदा बर्फाचा आहे, मी बर्फ नाही." तिथंच बोलणी मोडली. पुन्हा कुठं बघायला म्हणून गेले नाहीत.

संसार म्हणाल तर दोन घोड्यांचा. घोडी होती तिचं नाव बाईसाहेब आणि घोड्याचं नाव भोळ्या. पहाटे कारखान्यात जायचं, लोखंडी आकड्यानं लाद्या ओढून गाडीत रचायच्या, वर लाकडाचा भुसा, त्यावर ओलं गोणपाट. मग मासळीवाले, सरबतवाले, इस्पितळ अशी फेरी. चढ आला की बाईसाहेब हटकून उभ्या राहायच्या. मग भावजींच्या तोंडाचा पट्टा सुरू. "का हो बाईसाहेब, गालिचा अंथरू? का उचलून नेऊ? बर्फाचं पाणी होईल तेव्हा निघणार का आपण? खायला पुढं आणि ओढायला मागं!" असं बोलत बोलतच खिशातले भिजवलेले हरभरे तिला भरवायचे. बोलणं तिखट, हात मात्र मऊ. शेजारी भोळ्या खाली मान घालून उभा. त्याला कधी काही बोलायची वेळ भावजींवर आलीच नाही. पण त्याचे दोन्ही कान भावजींकडे वळलेले असायचे, जसं काही कथाकीर्तन चाललंय.

बाईसाहेब म्हाताऱ्या झाल्या आणि एका दुपारी तबेल्यात झोपल्या त्या उठल्याच नाहीत. एका घोड्याला ती गाडी ओढवेना, म्हणून कारखान्यानं टेम्पो घेतला. भावजी टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून जायला लागले आणि भोळ्या तबेल्यात एकटा राहिला.

त्यानं खाणं सोडलं. गवत हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. जनावरांची डॉक्टरीण आली, तरणी पोर होती पण हुशार. दात बघितले, पोट बघितलं. म्हणाली, "आजार काही नाही. एकटा पडलाय. सोबत बघा, आणि लवकर बघा. आणखी थोडे दिवस असाच राहिला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

भावजी काही बोलले नाहीत. तीच तर गंमत, की हल्ली ते कुणालाच काही बोलत नव्हते. टेम्पोवाला म्हणायचा, "काका किती शांत आहेत!" मी म्हटलं, अरे, तुला काय ठाऊक.

हे सगळं आमच्या फौजेच्या कानावर गेलं. फौज म्हणजे तीन डोकी. माझी थोरली नात, तिला आम्ही शहाणी म्हणतो. तिच्या पाठचा गोल गरगरीत भाऊ, तो बटाटा. आणि समोरच्या शिंप्याची मुलगी, टकळी. पंख मोडलेला कावळा असो की लंगडं कुत्रं, यांच्याकडे सगळ्यांची सोय. घरात पाय ठेवायला जागा नाही, पण गोगलगायीला खोकं.

शहाणी म्हणाली, "सोबतच हवी ना? मग भोळ्याला दुसरा भोळ्या देऊ." आणि माझ्या कपाटाचा आरसा काढून, चादरीत गुंडाळून, हातगाडीवर घालून तबेल्यात नेला. मला पत्ता नाही. मी इकडे वेणी घालायला कपाटासमोर उभी, तर समोर नुसती फळी.

भोळ्या आरशाजवळ गेला म्हणे. नाकानं वास घेतला. आतल्यानंही घेतला. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते. मग तो हळूच आरशाच्या मागं गेला, मागं कुणी नाही असं बघितलं, आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"त्याला फसवलं आपण," असं म्हणून बटाटा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी टकळीनं घरची शेळी आणली. शेळी आली ती माहेरी आल्यासारखी. कोंडा खाल्ला, गवत खाल्लं, भिंतीवर टांगलेली भावजींची टोपी खाल्ली, आणि गव्हाणीत चढून रवंथ करत बसली. भोळ्यानं अंग चोरून तिला सगळी जागा दिली. पाहुणीचं पोट टम्म आणि यजमानाच्या बरगड्या दिसताहेत. संध्याकाळी शिंपी येऊन शेळी घेऊन गेला.

आता मला आरसा परत हवा होता. म्हणून मी तबेल्यात गेले, तर काय! माझी नवी गोधडी घोड्याच्या पाठीवर. आरशावर चाऱ्याच्या हातांचे ठसे. माझ्या चांगल्या पातेल्यात कोंडा भिजवलेला. माझं डोकं फिरलं. "अगं ए शहाणे, ती गोधडी काय घोड्यासाठी शिवली होती मी? डोळे फुटले शिवताना! आणि पातेलं? त्यात उद्या दूध तापवायचंय, मेल्यांनो!"

टकळीनं माझा हात धरला. "आजी, बघा, बघा ना!"

भोळ्यानं मान वर केली होती. दोन्ही कान माझ्याकडे. त्यानं पातेल्यात तोंड घातलं आणि एक घास घेतला.

मी गप्प झाले. तोही थांबला.

"बोल ना आजी!" शहाणी ओरडली. "थांबू नकोस! बटाट्याला बोल, तो पाय न धुता झोपतो."

"मी कुठं..." बटाटा म्हणाला.

"झोपतोस!" मी म्हटलं आणि पुन्हा सुरू केलं. पाय झाले, हरवलेली छत्री झाली, भिंतीवर काढलेला हत्ती झाला. भोळ्या सावकाश चावत होता. पण माझा घसा तो केवढा, आणि माझ्या रागाला खरा दम नाही. मी हसले की त्याचं चावणं बंद. आवाज बसला तेव्हा पातेलं अर्धंसुद्धा रिकामं झालं नव्हतं.

शहाणी म्हणाली, "त्याला बर्फआजोबांसारखं बोलणं हवंय."

भावजी दारातच उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. मी म्हटलं, "भावजी, ऐकलंत ना? दोन शब्द बोला. तुमच्याशिवाय हे जमायचं नाही."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी सकाळी आपली बाईसाहेब उठायला कुरकुर करत होती. मी म्हटलं, नाही उठायचं तर मरा तिकडं. रोजच म्हणायचो." "दुपारी गेली. आता जिभेवर काही येत नाही. येऊही नये."

मी म्हटलं, "रोज म्हणत होता ना? मग तिलाही रोजची सवय होती. हरभरेसुद्धा रोजच खात होती ती."

भावजी पाठ फिरवून निघालेच होते.

तेवढ्यात बटाट्याला वाटलं, आपणही काहीतरी करावं. खुंटीवरचा लगाम काढला आणि भोळ्याच्या तोंडावर चढवायला गेला. पट्टा उलटा, कडी खाली, कानावरचा भाग नाकावर. भोळ्या बिचारा तसाच उभा, एका डोळ्यानं बघतोय.

भावजींनी बघितलं. एकदा डोळे मिटले. पुन्हा बघितलं. आणि मग राहवेना.

"अरे ए बटाट्या! तो लगाम आहे का चड्डीचा नाडा? घोडा आहे तो, गाठोडं नाही! काढ! काढ आधी! आणि नाक कुठं, कान कुठं, घरी आरशात बघितलं नाहीस कधी?"

"आरसा इथंच आहे," बटाटा खाली मान घालून म्हणाला.

भोळ्या खिंकाळला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला. त्यानं नाक पातेल्यात घातलं, आणि आता घास असे की पातेलं जमिनीवरून सरकायला लागलं.

पोरं काय, इशारा ओळखायला पटाईत. टकळीनं झाडू उलटा धरून झाडायला घेतलं. शहाणीनं पाण्याच्या बादलीत गवत टाकलं. भावजी कुणाकुणाला म्हणून बोलणार? "उलटा! झाडू उलटा धरलाय, शिंप्याच्या घरात सुईसुद्धा उलटीच धरतात का? आणि ही मोठी शहाणी, सरबत करतेय का गवताचं?" बोलता बोलता ते भोळ्याजवळ पोचले. त्याच्या मानेवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्याला म्हणाले, "आणि तू रे, साधूमहाराज? इतकी वर्षं फुकट ऐकलंस, आता उपास धरतोस? हाडं मोजायला लावतोस मला? लाज नाही वाटत?"

हात त्याच्या बरगड्यांवरून फिरवत राहिले. पण बोलणं थांबवलं नाही त्यांनी. आणि भोळ्याला लाज वाटली नसावी, त्यानं पातेल्याचा तळ चाटला.

तेव्हापासून पोरं शाळेतून सरळ तबेल्यात जातात आणि पोटभर शिव्या खाऊन घरी येतात. शिंपीण माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की पोरगी हल्ली उलटं बोलायला शिकलीय. मी म्हटलं, बाई, सुलटं कधी बोलत होती?

काल डॉक्टरीण आली. भोळ्याच्या पोटाला नळी लावली, कान दिला. भावजी मागं उभे राहून तिला सांगतच होते, "दार उघडं टाकलंस का गं? माशा काय तुझ्या सासरी पाठवू? नळी गार आहे ती, आधी हातात धरून ऊन करायची, एवढं शिकवत नाहीत?"

तिनं कानातनं नळी काढली. "काका, जरा थांबता का? मला त्याच्या पोटातलं ऐकू येत नाही."

"येईल कसं? भरलेलं आहे ते," भावजी म्हणाले आणि पुढं बोलायला लागले.