धोंडीची बेडकी

त्या दुष्काळात आमच्या कॉलेजला बेडूक मिळेनासे झाले. प्राणिशास्त्राच्या सरांना अंड्यांनी भरलेली मादी हवी होती. आमच्या विहिरीत अजून थोडं पाणी आहे, एवढं मी बोलून गेलो आणि शनिवारी पारनेरची एसटी धरली.

गावात त्याच दिवशी धोंडी निघाली होती. पावसासाठी लिंबाच्या पाल्यात बेडूक बांधून दारोदार फिरवायचा, बायकांनी त्यावर पाणी घालायचं, मग तो जिवंत सोडायचा. पाणी त्या वर्षी ओंजळभरच घातलं. बेडूक आमच्या विहिरीतला, म्हणून सोडायला वहिनीकडे दिला. मी बघितलं, ती मादी होती, पोट फुगलेलं. मी वहिनीकडे ती मागितली.

वहिनीला मूल नव्हतं. घरात दादाच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं.

"भाऊजी, अंडं का धरत न्हाई, ते सांगतील का तुमचे सर?"

"हे बेडकीचं आहे, वहिनी."

"असंना. बाईमाणूसच हाय ती."

तिने बेडकी माझ्या डब्यात घातली.

सरांनी अंडी दोन बश्यांत ठेवली. दोन्हींत अंडं पिकवणारं संप्रेरक घातलं. एकीच्या पाण्यात कॅल्शियम होतं, दुसरीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बशीतल्या अंड्यांच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका उमटला. म्हणजे ती पिकली. सर म्हणाले, "अंडं पूर्ण वाढतं आणि थांबून राहतं. आतून इशारा झाला की पुढे जातं. तो इशारा कॅल्शियमचा असावा, पण खात्रीने सांगता येत नाही." दुसऱ्या बशीत काहीच झालं नाही.

पुढच्या खेपेला मी हे वहिनीला सांगितलं, जमेल तसं.

"क्यालशम म्हंजी?"

"चुन्यात असतं ते."

"मग माझ्यात कमी न्हाई. पानाचा चुना खाऊन जीभ फाटली माझी."

पाऊस आला नाही. बेडकी विहिरीत सोडलीच नव्हती, हे गावात फुटलं.

"वांझेच्या हातात दिली, तितंच चुकलं," आई म्हणाली.

"मी मागितली होती, आई."

"तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?"

मी पुन्हा सांगितलं. दादा उठून बाहेर गेला. त्याच आठवड्यात वहिनीला माहेरी धाडायचं ठरलं.

पेटी घेऊन मीच तिच्याबरोबर फाट्यापर्यंत गेलो. एसटी लांब दिसली तेव्हा तिने विचारलं, "त्या दुसऱ्या बशीतल्या अंड्यांचं काय केलं ओ?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"टाकून दिली."

"व्हय," ती म्हणाली आणि पेटी स्वतःच उचलली.