दुभाजकावर भाले नकोत!

मंडळी, आज सकाळी आमच्या वस्तीसमोर हायवेच्या दुभाजकावर टोकदार सळया लावायला माणसं आली. लोकांनी रस्ता ओलांडू नये म्हणून! मी जाऊन आडवी उभी राहिले.

"काकू, बाजूले व्हा ना. काहून काम अडवून राहिल्या?" ठेकेदार म्हणाला.

मी त्याला माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं सांगितलं. ऐंशीच्या दशकात इतवारी बाजारातून घरी येताना त्याच्या स्कूटरचा टायर फुटला आणि तो अशाच सळयांवर आदळला. नुसता कठडा असता तर हातपाय मोडून वाचला असता. सळई छातीत घुसली.

"आमाले वरून ऑर्डर आहे," तो हळूच म्हणाला.

"मग वरच्याले इथंच बोलाव गा!"

आजचं काम थांबलं. उद्या ते येतील, मीही येईन. पादचारी पूल मागायला माझ्यासोबत कोण येतंय?